चाकूची लांबी आणि हाताची जात

खिशात घडीचा चाकू बाळगणे आणि मागणीप्रमाणे घडवून घेतलेल्या पात्यांचा घरात संग्रह करणे, हा सुखवस्तू तरुणांचा छंद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. कुरिअरची गाडी जेथे पोहोचते तेथे हा चाकूही पोहोचतो. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी ही गावे त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. छंदाचे समर्थक सांगतात की चाकू हे केवळ अवजार आहे, त्यात पाप-पुण्य नसते. पोलादाची जात, मुठीचे लाकूड, पाते उघडण्याची कळ यांचा रसिकतेने आस्वाद घेणाऱ्याकडे संशयाने पाहणे हा मागासलेपणा होय. समर्थन ऐकावयास गोड आहे. ते खरे ठरावयाचे असेल तर मात्र चाकू हे अवजार आहे हा न्याय या देशात प्रत्येकाच्या चाकूला लागू व्हावयास हवा. तो होतो काय, हा प्रश्न आहे. आणि पारध्यांच्या बेड्यावर त्याचे जे उत्तर मिळते ते संग्राहकाच्या दिवाणखान्यात मिळणार नाही.

कायदा करणाऱ्यांना अवजार आणि हत्यार यांतला भेद ठाऊक नव्हता असे नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यातील व्याख्या केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनलेल्या वस्तूंना शस्त्र मानीत नाही. लाठी आणि साधी हातकाठी यांचा तर तिच्यात नावानिशी अपवाद केलेला आहे. पुढे १९६२च्या नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या वस्तू धारदार शस्त्रांच्या वर्गात घातल्या, आणि त्यांतूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगाच्या वस्तू वगळल्या. २०१६च्या नव्या नियमांनी ही रचना तशीच ठेवली. शिवाय अशा पात्यांना परवाना लागतो तो कलम ४ खाली सरकारने अधिसूचना काढलेल्या क्षेत्रातच. दिल्लीत १९८० साली कळ दाबून उघडणाऱ्या चाकूंबाबत निराळी अधिसूचना निघाली आणि तेथे ७.६२ सेंटिमीटरचे पातेही कायद्याच्या कक्षेत आले. इतके बारीक माप ज्यांनी लिहून ठेवले त्यांना शेतकऱ्याचा विळा आणि चांभाराची रापी यांना धक्का लावावयाचा नव्हता, हे उघड आहे.

मग व्यवहारात काय घडते? कायद्याने भेद वस्तूच्या घडणीवर ठेवला. रस्त्यावरचा हवालदार तो वस्तू धरणाऱ्याच्या तोंडवळ्यावर ठेवतो. १९५१च्या मुंबई पोलीस कायद्याचे (आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात) कलम ३७ त्याला आणखी सोय करून देते. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे या कलमाखाली जे मनाई आदेश निघतात त्यांत तलवारी आणि भाले यांच्या जोडीला चाकू येतात, काठ्या-लाठ्या येतात आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू येते. म्हणजे एका कायद्याने ज्या लाठीला नाव घेऊन सोडले, तिलाच दुसरा कायदा नाव घेऊन धरतो. आणि कोणतीही वस्तू म्हणजे काय? पायातली चप्पलही या व्याख्येतून सुटणे कठीण. कायदा इतका सैल ठेवला की तो कोणाच्या गळ्याभोवती आवळावयाचा हे आवळणाराच ठरवतो.

मोटारीच्या कप्प्यात परदेशी बनावटीचा घडीचा चाकू ठेवून नागपूर-वर्धा रस्त्याने जाणाऱ्या डॉक्टराच्या चिरंजीवाला कोणी त्याच्या पात्याची लांबी विचारीत नाही. विचारलीच तर तो पोलादाच्या प्रतीवर व्याख्यान देईल, आणि हवालदार ते कौतुकाने ऐकून घेईल. त्याच रस्त्याच्या कडेला रात्री तीन-चार पारधी तरुण बसलेले दिसले, त्यांतल्या एकाच्या कमरेला भाजी चिरण्याचा चाकू निघाला, की दरोड्याच्या तयारीची कथा तयार व्हावयास वेळ लागत नाही. भारतीय दंड संहितेची कलमे ३९९ आणि ४०२ यासाठीच राबत आली. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मधील पोटकलमांनी घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, पंचनाम्याची भाषा तीच राहिली. चाकू, दोरी आणि मिरचीची पूड ही त्रयी अशा खटल्यांच्या कागदांत इतक्या नियमाने भेटते की या देशातले सारे दरोडेखोर एकाच किराणा दुकानातून सामान नेत असावेत असे वाटावे. या तीन वस्तू नसलेले स्वयंपाकघर महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही, हे मात्र कोणी न्यायासनापुढे सांगत नाही. सांगावयास वकील लागतो, आणि वकिलाला पैसे लागतात.

फासेपारधी हे नावच मुळी अवजारावरून आलेले आहे. फासे लावून तितर-बटेर धरणारे हे लोक. दोर वळणे, तो कापणे, शिकार सोलणे यासाठी पाते त्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने अशा जमातींना जन्मतःच आरोपी ठरवले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे प्रांतोप्रांती मागोमाग आले आणि मुंबई राज्याने १९५९ साली आपला केला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ती बंद करणे योग्यच होते, परंतु शिकारीवर जगणाऱ्याला पर्यायी जमीन द्यावयास कोणतेच सरकार तितक्या तातडीने धावले नाही. असा हा माणूस आज चाकूसह सापडला तर त्याचा छंद कोणता, हे त्याला विचारले जात नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातिभेदाविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नये असे पोलिसांना बजवावे लागले. प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तराव्या वर्षी हे बजवावे लागते, यातच सारे आले.

इकडे सभ्य समाजात पात्याचा सत्कार सुरू आहे. वाढदिवसाचा केक तलवारीने कापावयाचा, त्याचे चित्रण करून गावभर फिरवावयाचे, ही रीत महाराष्ट्राच्या गल्लोगल्ली रुजली आहे. मे २०१८ मध्ये औरंगाबादच्या दंगलीनंतर तेथील पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू घरोघरून गोळा केले. खेळणी आणि शोभेच्या वस्तू यांच्या नावाखाली ही हत्यारे सरळ दारात येऊन पडली होती. २०२२ साली पंजाबातून कुरिअरने येणाऱ्या तलवारींच्या पेट्या महाराष्ट्रात पकडल्या गेल्या. त्याच वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत आणि ठाण्यात जाहीर कार्यक्रमांत तलवार उंचावल्याबद्दल मंत्र्यांवर व पक्षनेत्यांवर गुन्हे नोंदले गेले. त्यांतले कोणी बेड्यावरच्या पोरासारखे वर्षभर कच्च्या कैदेत राहिले असते तर महाराष्ट्राला ते कळल्यावाचून राहिले नसते. सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर तलवार देण्याची प्रथा कोण्या एका पक्षाची नाही. समाजवादी व्यासपीठांनीही ती निमूटपणे स्वीकारलेली आहे, आणि या बाबतीत इतरांकडे बोट दाखवण्याचा अधिकार पुष्कळांनी गमावलेला आहे.

छंदिष्टांपैकी जे थोडेफार वाचलेले असतात ते इतिहासाचा आधार घेतात. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत झालेल्या १८७८च्या शस्त्र कायद्यावर गांधीजींनी केलेली कठोर टीका त्यांना तोंडपाठ असते. ती पहिल्या महायुद्धातील सैन्यभरतीच्या मोहिमेतली होती, हे मात्र ते सांगत नाहीत. तो कायदा संतापजनक होता यात शंका नाही. गोऱ्याला मोकळीक आणि हिंदी माणसाला परवाना, असा त्याचा व्यवहार होता. पण त्या कायद्याविरुद्ध वऱ्हाड-नागपुरात जे घडले ते या मंडळींनी एकदा नीट पाहावे. १९२७ साली नागपुरात मंचरशा आवारी यांनी शस्त्र कायद्याचा भंग आरंभला. बंगालमधील स्थानबद्धांच्या सुटकेचा प्रश्न त्यांच्या मनात होता. स्वयंसेवक उघड्यावर, दिवसाढवळ्या, तलवारी घेऊन मिरवणुकीने निघत आणि अटक करवून घेत. आवारींना तुरुंगवास झाला. तेथे त्यांनी दीर्घ उपोषण केले. आणि एवढ्या निर्भय माणसाच्या चळवळीलाही गांधीजींनी ‘यंग इंडिया’मधून मान्यता नाकारली: हाती तलवार घेऊन केलेल्या कायदेभंगाला सत्याग्रह म्हणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती बरोबर की चूक, यावर मतभेद असू शकतो. पण आवारींची तलवार उघडी होती, तिच्यामागे मागणी होती आणि ती उचलण्याची किंमत मोजावयास उचलणारा तयार होता. आजचा चाकू खिशात मिटलेला असतो. त्याच्यामागे मागणी कसलीच नसते, आणि किंमत मोजण्याची वेळ आली तर वडिलांची ओळख मोजली जाते. आवारींच्या नावावर हा छंद खपवणे हा त्या माणसाचा उपमर्द आहे.

वर्ध्याच्या मजुराचा शस्त्राशी संबंध येतो तो निराळाच. देशातील सर्वांत मोठे मध्यवर्ती दारूगोळा भांडार याच जिल्ह्यात, पुलगावला आहे. ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी बळी गेले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच्या सोनेगाव आबाजी येथे जुना दारूगोळा निकामी करण्याचे काम सुरू असताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत बहुतेक मजुरीने आलेली माणसे होती. ज्या जिल्ह्याला गांधी जिल्हा म्हणून मिरवले जाते तेथे शस्त्राचे ओझे कोणाच्या डोक्यावर असते आणि शस्त्राची शोभा कोणाच्या भिंतीवर असते, हे यावरून ताडता येईल.

संग्रह करणे हा दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे, कुलपे आणि अडकित्ते किती प्रेमाने जमवलेले आहेत! अडकित्ता हेही पातेच. पण ते घराघरातले पाते आहे, आणि दिनकर केळकरांनी तो संग्रह स्वतःच्या मिशीला पीळ देण्यासाठी न ठेवता महाराष्ट्राच्या स्वाधीन केला. खुद्द वर्ध्यात ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाला आणि कुमारप्पांनी त्याचे काम मगनवाडीतून चालवले. चरखे, घाण्या, अवजारे यांचा संग्रह तेथे झाला तो गावातल्या कारागिराने पाहावा, त्यातली सुधारणा उचलावी आणि चार पैसे अधिक मिळवावेत यासाठी. अवजार काचेच्या कपाटात ठेवले तरी त्याचे नाते कामाशी तुटू दिले नाही. आजच्या पातेप्रेमी संग्राहकाच्या वस्तूंचा गुण उलटा आहे: पाते जितके न वापरलेले तितकी त्याची प्रतिष्ठा अधिक. ज्या चाकूने कधी दोरी कापली नाही, फळ चिरले नाही, तो सर्वांत मोलाचा. अवजाराला कामावरून काढून टाकल्याखेरीज त्याचे मोल वाढत नाही, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते? भांडवलशाहीच्या अर्थशास्त्रात ते उत्तम बसते.

आणि तरीही या छंदामुळे लोहाराला आश्रय मिळतो असा दावा केला जातो. हा दावा सर्वांत अधिक तपासण्यासारखा आहे, कारण तो भल्या माणसांनाही फसवतो. खेड्यातला लोहार विळा, कुऱ्हाड, सुरी घडवतो ती बहुधा ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून. तो पाटा भट्टीत लाल करावयाचा, घणाखाली ताणावयाचा, धार काढावयाची आणि पाणी द्यावयाचे. भाता ओढावयाला घरातली बाई किंवा पोर. हेच कमानीचे पोलाद, ५१६० असा क्रमांक लावून, हौशी चाकूकार वापरतात आणि त्या क्रमांकाचा उच्चार संग्राहक मंत्रासारखा करतात. धातू तोच, आग तीच, घणाचा घाव तोच. एकाला विळ्याची मजुरी मिळते, तीही कारखान्यातल्या पत्र्याच्या विळ्याशी स्पर्धा करून. दुसऱ्याला नावाची किंमत मिळते. वखराची पास शेवटून आणावयाला शेतकरी आता लोहाराकडे पूर्वीइतका येत नाही, कारण वखरच ट्रॅक्टरमागे गेला. बलुते गेले, रोख आली नाही. घिसाड्याची पालगाडी गावाबाहेर उतरते तेव्हा तिच्यातल्या कारागिराला संग्राहकाने कधी आपल्या चाकूची मागणी सांगितली आहे काय? शिकलगार तर पूर्वापार पाती उजळणारा आणि धार लावणारा. त्याच्या झोपडीत चार पाती एकत्र दिसली की तो शस्त्रांचा कारखाना ठरतो. हौशी चाकूकाराच्या गॅरेजात चाळीस दिसली तर तिला कार्यशाळा म्हणतात.

‘दमास्कस’ या शब्दाची मोहिनी तर पाहण्यासारखी आहे. पात्यावर लाटांसारखी नक्षी दिसली की भाव चढतो. आज त्या नावाने विकले जाते ते बहुतेक दोन जातींचे पोलाद एकावर एक घडी घालून, तापवून जोडलेले. ज्या मूळ पोलादाने ते नाव गाजले ते मुशीत वितळवलेले पोलाद दक्षिण हिंदुस्थानात होत असे. वर्ध्याच्या दक्षिणेला तेलंगणात, निजामाबादजवळच्या कोनासमुद्रम् येथे ते होई आणि इराणचे व्यापारी ते तेथून नेत. विदर्भाचा लोखंडाशी संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंडच्या उत्खननात इसवी सनापूर्वीची लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ही विद्या ज्यांच्या हातांत होती त्यांची नातवंडे आज कोठे आहेत, हे संग्राहकाच्या चर्चेत कधी येत नाही. कारागीर विस्मृतीत आणि त्याची नक्षी बाजारात, अशी ही वाटणी. इंग्लंडातील शेफील्डच्या चाकूंची कीर्ती जगभर पसरली त्या काळात तेथे कोरड्या सहाणेवर पाती घासणारे मजूर पोलादाची व दगडाची धूळ छातीत घेऊन पस्तिशीच्या आसपास मरत, हे एंगल्सने १८४५ साली लिहून ठेवले. पात्याच्या तेजाकडे पाहताना या धुळीचा विसर पडू देणे ही रसिकता नव्हे.

स्वसंरक्षणाचा मुद्दा उरतो, आणि तो मुख्यतः स्त्रियांच्या नावाने पुढे केला जातो. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतील घटनेनंतर जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत स्त्रियांना छोटे चाकू वाटले. त्यामागे राग खरा असेल. पण रात्रीची एस.टी. वेळेवर यावी, फाट्यावर दिवा असावा, ठाण्यात तक्रार लिहून घेतली जावी, खटला वर्षानुवर्षे रेंगाळू नये, ही सारी राज्यकर्त्यांची जबाबदारी एका तीन इंचांच्या पात्यावर ढकलण्याचा हा प्रकार होता. ज्या शेतमजूर बाईच्या हातात दिवसभर विळा असतो तिला पाते चालवावयास शिकवण्याची गरज नाही. ती मालकाच्या वासनेपुढे हतबल होते ती विळा नसल्यामुळे नव्हे. उद्याची मजुरी त्याच्या हाती असते, म्हणून होते.

यावर काही पुरोगामी मंडळी अधिक कडक कायदा आणि घडीच्या चाकूवर सरसकट बंदी मागतील. त्यांनी ही मागणी करण्यापूर्वी थोडा विचार करावा. बंदीची पहिली झडती दिवाणखान्यात होणार नाही, बेड्यावर होईल. पहिला पंचनामा शिकलगाराच्या पालावर लिहिला जाईल. सैल कायदा आवळून देण्यात गरिबांचा फायदा झाल्याचे उदाहरण दुर्मीळ. पाते घरगुती वा शेतीच्या कामाचे आहे, ही कायद्यातली तरतूद पारधी, शिकलगार, घिसाडी यांच्या पात्यालाही तितक्याच सहजतेने लागू व्हावी, आणि पंचनाम्यात पात्याच्या लांबी-रुंदीबरोबर धरणाऱ्याने सांगितलेला त्याचा उपयोगही नोंदला जावा, ही मागणी अधिक नेमकी आहे. आणि ज्यांना तलवारीने केक कापावयाचा आहे त्यांच्यावरचा खटला बेड्यावरच्या खटल्याइतक्याच वेगाने चालावा.

कार्यकर्त्यांना काम शोधावे लागणार नाही. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठही तालुक्यांत पोलीस ठाणी आहेत आणि त्यांत नोंदवह्या आहेत. २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करून गेल्या दहा वर्षांतले शस्त्र कायद्याचे व दरोड्याच्या तयारीचे गुन्हे मागवावेत: जप्त पात्याची लांबी-रुंदी किती, आरोपी किती दिवस कोठडीत राहिला, त्याला वकील केव्हा मिळाला, त्यांत अनुसूचित आणि विमुक्त जमातींचे किती, आणि न्यायालयात किती टिकले. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ते आले की प्रत्येक तालुक्याचा कागद बेड्यावर नेऊन वाचून दाखवावा, आणि ज्यांची नावे त्यात आहेत त्यांना आपापल्या पात्याची हकीकत सांगू द्यावी. तालुका समित्यांच्या पुढच्या सत्कार समारंभात तलवार मागवली असेल तर ती परत पाठवून गावच्या लोहाराकडून विळा घडवून घ्यावा, त्याला रोख मजुरी द्यावी आणि तो विळा सत्कारमूर्तीऐवजी त्या गावात कापणीला जाणाऱ्या बाईच्या हाती ठेवावा.